शुक्रवार की मंगळवार, आणि ग्रुप सोडून गेलेले काका

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांचा, कोथरूडला राहतो, हिंजवडीला नोकरी. इतिहासाचं वेड कॉलेजपासूनचं. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रविवारी सकाळी जुने वाडे, देवळं, शिलालेख बघत फिरणारे साधारण १८० लोक. त्यात एक काका होते, सत्तरीचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, नारायण पेठेत राहतात. मला मोडी त्यांनीच शिकवली, दोन वर्षं दर शनिवारी त्यांच्या घरी बसून, एक पैसा न घेता.

शिवजयंतीच्या आदल्या दिवशी काकांनी ग्रुपवर लिहिलं की जेधे शकावलीत, म्हणजे जेध्यांच्या घरच्या जुन्या वर्षवार नोंदींत, महाराजांच्या जन्माचा वार शुक्रवार दिलाय, पण १९ फेब्रुवारी १६३० ला फोनवर मंगळवार दिसतोय, मी हाताने गणित केलं तरी मंगळवारच येतो, मग चूक नक्की कुठेय? ते वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लागोपाठ सहा मेसेज टाकले, शकावलीच्या पानाचा फोटो टाकला आणि शेवटी लिहिलं, "काका, आधी नीट वाचा मग लिहा, फोनवर इतिहास शिकत नसतात." तीसएक लोकांनी अंगठे दिले. काकांनी उत्तर दिलं नाही, रात्री ग्रुप सोडला.

चार दिवसांनी ग्रुपमधल्या एका मुलीने समजावून लिहिलं की हा ज्युलियन आणि ग्रेगोरियन, म्हणजे जुन्या आणि नव्या इंग्रजी कॅलेंडरमधल्या दहा दिवसांच्या फरकाचा घोळ आहे. म्हणजे तारीख बरोबर, शकावली बरोबर, फोनपण बरोबर आणि काकांचं गणितपण. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण ताई, शेवटी मी म्हणत होतो तेच निघालं ना, वार शुक्रवारच होता. मग माफी कशाची मागायची? मित्र म्हणतात जाऊ दे रे, दहा दिवस इकडेतिकडे झाल्याने असा काय फरक पडतो. मी आता ग्रुपवर काही लिहीतच नाही. काय करू?
अस्वस्थ, कोथरूड

अरे अस्वस्थ,

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले. "मी म्हणत होतो तेच निघालं ना." निघालं, मान्य. पण तू म्हणत होतास ते कशाच्या जोरावर? शकावलीत लिहिलंय म्हणून. आणि काका नेमकं तेच विचारत होते की शकावलीत जे लिहिलंय ते माझ्या गणिताशी का जुळत नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि तू त्यांना त्यांचाच प्रश्न उत्तर म्हणून परत दिलास, वर ओरडलास. उत्तर तुझ्याकडे नव्हतंच. ते त्या मुलीकडे होतं, आणि तिने चार दिवसांनी का होईना, नीट दिलं. माफी कशाची मागायची याचं उत्तर इथेच आहे. वार चुकला म्हणून मागायचीच नाहीये, वार तुझा बरोबर आहे. ज्याने दोन वर्षं आपल्या जेवणाच्या टेबलावर बसवून तुला अक्षर वाचायला शिकवलं त्या माणसाला तू १८० लोकांसमोर "आधी नीट वाचा" म्हणालास, त्याची मागायची. ज्याने वाचायला शिकवलं त्यालाच. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय.

आता आधी त्या दहा दिवसांचं बोलू, कारण तुझे मित्र म्हणतात काय फरक पडतो, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही.

पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर आला, मधल्या दहा तारखा गेल्या. वार मात्र तुटले नाहीत, गुरुवारनंतर शुक्रवारच आला. पोर्तुगालने हे नवं कॅलेंडर त्याच वर्षी घेतलं. इंग्लंडने घेतलं नाही, पोपचं ऐकायचं नव्हतं त्यांना, ते जुन्याच कॅलेंडरवर १७५२ पर्यंत चालले आणि मग त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, कारण तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. आपल्याकडे शिवकालातल्या तिथींच्या इंग्रजी तारखा काढताना इतिहासकारांनी जुनं, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर वापरलं, इंग्रजांची पत्रं त्याच तारखांनी लिहिलेली होती त्यामुळे ते सोयीचंही होतं. म्हणून १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे. तोच दिवस नव्या कॅलेंडरने १ मार्च १६३०. तुझ्या फोनमधल्या कॅलेंडरला हे काहीच ठाऊक नसतं, ते नवं कॅलेंडर सरळ मागे मागे नेत जातं, त्यामुळे त्याला १९ फेब्रुवारी विचारलीस की ते खऱ्या दिवसाच्या दहा दिवस आधीचा दिवस काढतं. दहा म्हणजे एक आठवडा आणि वर तीन दिवस, शुक्रवारच्या तीन दिवस मागे जा, मंगळवार. फोनमध्ये १ मार्च १६३० टाकून बघ, शुक्रवार येईल.

म्हणजे काकांचा मंगळवार हा काही बावळटपणा नव्हता रे, तो अगदी बरोबर ठिकाणी अडखळलेला माणूस होता. त्यांनी गणित हाताने केलं होतं! आजकाल किती लोक करतात? फोनवर दिसलं आणि फॉरवर्ड केलं असं त्यांनी केलं नाही, फोनवर विश्वास ठेवला नाही, स्वतः करून पाहिलं, दोन्हीकडे तेच आलं तेव्हा ग्रुपवर विचारलं की चूक कुठेय. अभ्यास करणारा माणूस असाच वागतो. आणि तू त्यांना वागवलंस कसं, तर सकाळी उठून गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर दहा ठिकाणचं भंगार पुढे ढकलणाऱ्या माणसासारखं.

फरक काय पडतो विचारणाऱ्या मित्रांना एवढंच सांग. राजापूरचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच दिवशी एकाच बातमीबद्दल आपापल्या वरिष्ठांना पत्र लिहायला बसले, तर दोघांच्या कागदावरच्या तारखांमध्ये दहा दिवसांचं अंतर पडणार. हे ध्यानात न घेता दोन्ही पत्रं शेजारी ठेवली तर घटना घडायच्या आधीच तिची बातमी पोचलेली दिसेल. त्यात इंग्रजांचं नवीन वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे महाराजांचा जन्म झाला त्या फेब्रुवारीत सुरतेतला इंग्रज आपल्या वहीत साल १६२९ च लिहीत होता. आणि आपल्याकडचं बघ, तो फाल्गुन महिना शके १५५१ चा, बरेचजण शकात सरसकट ७८ मिळवतात आणि १६२९ वर येऊन थांबतात, पण पौषात इंग्रजी साल बदललं की ७९ मिळवायचे असतात, मग १६३० येतं. मराठी पत्रांवर तर आणखी शुहूर सन नावाच्या वेगळ्याच कालगणनेचं वर्ष असतं, तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत आणि आधी एकक मग दशक असा, इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, की १४ जानेवारी १७६१ चं पानिपत बरोबर त्या वर्षात बसतं. एका कागदावर तीन-तीन कालगणना असू शकतात, आणि दोन शहाणी माणसं एकाच दिवसाबद्दल दोन आकडे सांगत असतील तर दोघंही बरोबर असायची शक्यता इथे खूप असते. ही शक्यता तुझ्या डोक्यातच आली नाही. तुझी चूक झाली असेल तर ती ही.

मी पस्तीस वर्षं लायब्ररीत काढली. टेबलावर येऊन भांडणारे वाचक खूप पाहिले, पण तुला माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं का? लॉकडाऊन चालू, सगळे घरात, आणि फोनवर नुसता धुमाकूळ. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी लिहिलं केमिकल सोडलंय, कुणी लिहिलं प्रलयाची खूण आहे. मी मोठ्या हिरिरीने सगळ्यांना गप्प करायला घेतलं, पाणी कमी झालं, खारटपणा वाढला की असले सूक्ष्मजीव वाढतात, घाबरू नका. ते ठीकच होतं, पुढे आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले तेव्हा मीठ मानवणारे हॅलोआर्किया म्हणून सूक्ष्मजीव असतात, त्यांच्यामुळेच तो रंग आलाय असं निघालं, आणि पाणी स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. पण त्या मेसेजमध्ये मी ओघात असंही लिहिलं होतं की हे विवर ५० हजार वर्षांपूर्वीच्या उल्केचं आहे. माझी भाची तेव्हा जिऑलॉजी शिकत होती. तिने खाली लिहिलं, मावशी, नवीन मोजणीनुसार ते खूप जुनं आहे, पाच लाख ७० हजारच्या आसपास. मी काय लिहिलं सांगू? "बोर्डावर ५० हजार लिहिलंय, आपण सगळे गेलो होतो तेव्हा वाचलंय." झालं, ती गप्प. नंतर वर्षभर त्या पोरीने मला तिच्या विषयातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही. ते वर्ष माझं गेलं, परत येणार नाही.

नंतर मी बसून वाचलं. दोन्ही आकडे खरोखरच मोजणीतून आलेले आहेत. माझा ५० हजारवाला, नेमका सांगायचा तर ५२ हजारचा, आकडा उष्णतेने चमकणाऱ्या खनिजांवरून काढलाय. खनिज तापलं की त्याचं घड्याळ शून्यावर येतं, मग आसपासच्या किरणोत्साराने त्यात हळूहळू ऊर्जा साठत जाते, प्रयोगशाळेत पुन्हा तापवलं की ती प्रकाश होऊन बाहेर पडते, तो प्रकाश मोजायचा. दुसरा आकडा आर्गॉनचा, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. खडकातल्या पोटॅशियमपासून आर्गॉन वायू तयार होत राहतो, खडक वितळला की साचलेला वायू निघून जातो आणि मोजणी नव्याने सुरू. अडचण अशी की लोणारचा बेसाल्ट आहे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यातला जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नसेल तर वय फुगतं, म्हणून ते वजा करायला लागतं, तसं त्यांनी केलंय. दोन घड्याळं, दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, दोन्हींचे फसायचे मार्ग वेगळे. मला आज आर्गॉनचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. पण माझ्या भाचीला त्या दिवशी मी नुसतं "कसं काय ग, कशावरून?" एवढं विचारलं असतं तर हे सगळं मला तिच्या तोंडून, ती उत्साहाने सांगतेय असं ऐकायला मिळालं असतं.

म्हणून तुला सांगते, कुणी आपल्यापेक्षा वेगळा आकडा सांगितला की पहिला शब्द "चूक" नको, "कशावरून" हवा. आणि तो खरा हवा, समोरच्याला पकडायला टाकलेला नको, तसला कशावरून लोकांना लगेच कळतो. काकांना तू एवढंच विचारायचं होतंस की काका, मंगळवार कसा काढलात, स्टेप दाखवा ना. त्यांनी कागदाचा फोटो टाकला असता, कुणीतरी तो बघून म्हटलं असतं अहो हे तर ग्रेगोरियनचं सूत्र आहे, आणि चार दिवसांनी जे कळलं ते तासाभरात कळलं असतं, तेही काका ग्रुपमध्ये असताना.

याचा अर्थ सगळ्यांशी गोड बोल असा काढू नकोस हं. मुद्दाम खोटं पसरवणारा, चार लोकांना भीती घालणारा किंवा कुठल्यातरी समाजावर राग काढायला इतिहास वापरणारा मेसेज आला तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत अडवायचा, तिथे पर्सनलवर जाऊन हळूच सांगत बसायचं नाही, कारण नुकसान सगळ्यांसमोर होत असतं. पण तो मेसेज आणि काकांचा मेसेज यातला फरक तुला कळायला हवा होता. एक माणूस काहीतरी ठासून सांगत असतो, दुसरा विचारत असतो. काकांच्या मेसेजच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, तूच मला लिहिलंयस.

आणि अजून एक, तुझ्या शकावलीच्या भक्तीबद्दल. शकावली तुला खरी वाटते कारण ती छापील आहे आणि तिच्यावर आज सगळ्यांचा विश्वास आहे. पण हा विश्वास असाच आलेला नाही. त्याआधी बरीच वर्षं लोक बखरींवरून वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे १६२७ ही जन्मतिथी मानत होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेध्यांच्या घरची ही शकावली पुढे आणली, मग कवी परमानंदांच्या शिवभारत या काव्यात तीच फाल्गुन वद्य तृतीया सापडली, तरीही विद्वान कित्येक वर्षं भांडत होते. मग पटलं कशामुळे? लोकांनी अगदी काकांसारखीच गणितं केली म्हणून. शकावलीत तिथी आहे, शुक्रवार आहे, हस्त नक्षत्र आहे. पंचांगाच्या गणिताने तो दिवस काढला की तिन्ही जुळतात. मागाहून कुणी मनाने तारीख लिहिली असती तर तिन्ही जुळणं फार अवघड होतं. म्हणजे ज्या शकावलीचा फोटो तू काकांच्या तोंडावर फेकलास, तिला मान मिळाला तो वार तपासून बघणाऱ्या माणसांमुळेच.

ग्रुपवर लिहिणं बंद करू नकोस, पण लिहायची पद्धत बदल. त्यासाठी भांडारकर संस्थेत जा एकदा, लांब नाहीये तुला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा कुठलाही एक खंड उघडून बस. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला संपलं, एकूण १२५९ हस्तलिखितं बघितली त्या लोकांनी. पानावर वर मुख्य संहिता आणि खाली बारीक टाइपात पाठभेद, म्हणजे कुठल्या पोथीत काय वेगळं आहे ते सगळं. जे त्यांना मूळचं वाटलं नाही ते फेकून दिलं नाही. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथा घराघरात माहीत आहे, पण ती मुख्य संहितेत घेतलेली नाही, परिशिष्टात आहे. मागे आहे पण आहे, पूर्ण आहे, तुम्हाला पटत नसेल तर तिथे जाऊन वाचा आणि भांडा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे. वरच्या संहितेतसुद्धा काही काही शब्दांखाली नागमोडी रेघ ओढलेली दिसेल. या आवृत्तीचे संपादक सुकथनकर, त्यांनी ही पद्धत घातली. त्या रेघेचा अर्थ, हा शब्द आम्ही घेतलाय खरा, पण याची आम्हाला पुरती खात्री नाही. एवढ्या पोथ्या समोर ठेवून बसलेला माणूस पानावर, सगळ्या जगाला दिसेल अशी, आपली शंका छापतो. मी पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा अंगावर काटा आला होता.

तुझ्या सहा मेसेजमध्ये एकाही शब्दाखाली ती रेघ नव्हती. आणि नेमकी तिचीच गरज होती, कारण शुक्रवार लिहिलाय हे तुला पक्कं माहीत होतं पण मंगळवार का येतोय हे माहीत नव्हतं. तेवढंच लिहायचं, "शकावलीत स्पष्ट शुक्रवार आहे, पण फोन वेगळा वार का दाखवतो ते मला कळलेलं नाही, कुणाला माहितीय का?" असं लिहिल्याने कुणाचा मान जात नाही रे. उलट अशा माणसाने कधी खात्रीने काही सांगितलं की लोक ते धरून ठेवतात, कारण त्यांना माहीत असतं की खात्री नसती तर याने तसं सांगितलं असतं.

आता काकांचं. उशीर करू नकोस. आधी फोन कर, कधी येऊ विचार, आणि घरी जा. मेसेजवर माफी मागायची नाही, व्हॉइस नोट तर नाहीच नाही. गेल्यावर "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असलं काही म्हणू नकोस, वाईट वाटलंय, त्यात असेल तर कसलं आलंय. सरळ सांग की काका, मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी तुमच्यावर ओरडलो, तुमचं गणित बरोबर होतं. काकू दार उघडतील, त्या कदाचित तुला तुझ्या काकांपेक्षा जास्त सुनावतील, ऐकून घे, त्यांनी दोन वर्षं दर शनिवारी तुला चहा दिलाय. काका काहीच बोलले नाहीत, नुसतं "बस" म्हणाले तरी बस.

मग ग्रुपवरही लिही, कारण अपमान तिथे झाला होता. एकच मेसेज, छोटा. काकांचा प्रश्न काय होता, त्यांचं गणित का बरोबर होतं, ज्या मुलीने खुलासा केला तिचं नाव आणि तिचे आभार, आणि मी जे बोललो ते चुकीचं होतं. आपण आधीपासून बरोबर होतो असं त्यात कुठेही सुचवू नकोस, तुझा हात त्या वाक्याकडे जाईल, मला पत्रावरूनच दिसतंय. ते तीस अंगठेवाले आहेत ना, त्यांनी हे वाचणं फार गरजेचं आहे, कारण काकांना ग्रुप सोडावासा वाटला तो तुझ्या एका वाक्यापेक्षाही त्या अंगठ्यांमुळे असावा असं मला वाटतं. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं रविवारी फिरलो, त्यातल्या एकालाही असं वाटलं नाही की थांब रे, काका काय विचारतायत ते आधी बघू. काकांना परत ॲड करायची लिंक मात्र आपणहून पाठवू नकोस. त्यांना यायचं असेल तेव्हा येतील, नाही आले तरी तुझं शनिवारचं जाणं सुरू झालं तर मला पुरे.

रिकाम्या हाताने जाऊ नकोस. खाऊ ने हवं तर, पण त्यांना आवडेल असा एक प्रश्न घेऊन जा. राज्याभिषेकाची तारीख आपण ६ जून १६७४ म्हणतो, तो वार निघतो शनिवार. फोनमध्ये टाकलीस तर बुधवार येईल, ते का हे आता तुला कळतं. पण जेधे शकावलीत राज्याभिषेकाला वार आहे शुक्रवार आणि तिथी द्वादशी, आणि रायगडावर तर उत्सव त्रयोदशीला होतो. इथे दहा दिवसांचा हिशोब लावून काही सुटत नाही. शकावलीतच पुढे लिहिलंय की तीन घटिका रात्र उरली तेव्हा महाराज सिंहासनी बसले. घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि आपला दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. तिथी तर त्याचीही वाट बघत नाही, ती दिवसात कधीही संपते. बाकीचं काकांसमोर कागद ठेवून दोघांनी काढा, आणि काय निघालं ते मला लिहून कळव, काकांच्या अक्षरात आलं तर अजून चांगलं.

तुझी,
ताई